इलेव्हन-प्लस गेली, निवड राहिली: उत्तर आयर्लंडमधल्या शाळाप्रवेशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त बेलफास्टला येणारी मराठी कुटुंबं आधी घरभाडं विचारतात, मग शाळा. शाळेचा विषय निघाला की कोणीतरी ‘ट्रान्सफर टेस्ट’ म्हणतं, दुसरं कोणी ‘इलेव्हन-प्लस’ म्हणतं, तिसरं सांगतं की ती तर सरकारने कधीच बंद केली. तिघंही आपापल्या परीने बरोबर आहेत. या गोंधळामागे वीस-पंचवीस वर्षांचं भांडण आहे. सरकारला निवड बंद करायची होती, पालक आणि शाळा विरोधात उभ्या राहिल्या आणि शेवटी जे झालं ते कोणीच मागितलं नव्हतं. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं खाली दिली आहेत. मतं माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

ही परीक्षा नेमकी कशासाठी?

इथे प्राथमिक शाळा पी-वन ते पी-सेव्हन अशी असते. पी-सेव्हन संपते तेव्हा मूल अकराच्या आसपास असतं आणि तिथून प्रत्येकाला शाळा बदलावीच लागते. पुढच्या शाळा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत: ग्रामर शाळा आणि बाकीच्या. ग्रामर शाळा पासष्टच्या आसपास आहेत आणि माध्यमिकच्या वयाची चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं त्यांत शिकतात. बहुतेक ग्रामर शाळा परीक्षेतल्या गुणांवर प्रवेश देतात. लोकसंख्या जेमतेम एकोणीस लाख, त्यामुळे कोणाचं मूल कुठल्या शाळेत लागलं हे चार दिवसांत सगळ्यांना माहीत होतं.

म्हणजे आपल्या स्कॉलरशिपसारखीच का?

नाही. आपल्याकडे पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा हुकली तरी मूल सोमवारी त्याच बाकावर, त्याच मित्रांशेजारी बसतं. थोडीफार तुलना होईल ती नवोदय विद्यालयाशी. तिथेही सहावीचा प्रवेश परीक्षेवर मिळतो, पण एका नवोदयमध्ये जागा जास्तीत जास्त ८०, आणि त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. नवोदय हा अपवाद आहे, इथे ग्रामर हा अर्धा रस्ता आहे. ज्याला ती मिळत नाही त्याचीही शाळा बदलतेच, आणि ती का बदलली हे अकरा वर्षांच्या पोराला नीट कळतं.

ही पद्धत आली कुठून? बाकी ब्रिटनमध्ये तर दिसत नाही.

इंग्लंडच्या १९४४च्या शिक्षण कायद्याच्या धर्तीवर इथे १९४७चा कायदा झाला. माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत मिळालं आणि कोण कुठे जाणार हे ठरवायला इलेव्हन-प्लस आली. इंग्लंडने १९६५नंतर बहुतेक ठिकाणी निवड सोडली. केंटसारखे काही भाग राहिले आणि आजही तिथे १६३ ग्रामर शाळा आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सरकारी ग्रामर शाळा उरल्या नाहीत. उत्तर आयर्लंडमध्येही १९७७ साली लंडनच्या लेबर सरकारने निवड बंद करायचं ठरवलं होतं, पण १९७९ला थॅचर आल्या आणि तो बेत बासनात गेला.

मग २००० नंतर सरकारला अचानक बदल का सुचला?

अचानक नाही. सन २०००मध्ये टोनी गॅलघर आणि ॲलन स्मिथ यांचा या पद्धतीच्या परिणामांवरचा अभ्यास सरकारने प्रसिद्ध केला. त्याच सुमारास क्वीन्स विद्यापीठाच्या जॉन गार्डनर आणि पामेला कोवन यांनी परीक्षाच तपासली. त्यांचा मुद्दा असा की श्रेणी ठरवणाऱ्या रेषा इतक्या जवळजवळ आहेत की पेपर दुसऱ्या दिवशी घेतला असता तर बऱ्याच मुलांची श्रेणी वेगळी आली असती. ए, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू, डी अशा श्रेणी होत्या. दोन-चार गुणांच्या फरकावर शाळा ठरायची.

शिवाय गरिबीचा प्रश्न होता, आणि आहे. शाळेत मोफत जेवण मिळणं हे इथे गरीब घरचं मूल ओळखायचं सरकारी माप. बिगर-ग्रामर शाळांत अशा मुलांचं प्रमाण ग्रामरच्या दुपटीहून जास्त आहे. वरच्या मुलांचे निकाल इंग्लंडला मागे टाकणारे, आणि खाली फारसं काही हातात न घेता शाळा सोडणाऱ्यांची लांब रांग. हे कोणीही नाकारत नाही, बदलाचे विरोधकही नाही.

ऑक्टोबर २००१मध्ये गेरी बर्न्स यांच्या समितीचा अहवाल आला: परीक्षा बंद करा, गुणांवर निवड बंद करा, प्रत्येक मुलाची प्रगतीनोंद ठेवा, पालकांनी पसंती सांगावी आणि शाळांनी गट करून एकमेकींना सहकार्य करावं.

आणि विरोध कोणी केला? श्रीमंतांनीच ना?

हा प्रश्न मराठी घरांत हमखास येतो, आणि उत्तर ‘हो’ असेल अशी विचारणाऱ्याची खात्री असते. श्रीमंत होतेच. ग्रामर शाळांच्या संचालक मंडळांची संघटना पुढे होती, पालकांच्या संघटना होत्या. पुढे ‘असोसिएशन फॉर क्वालिटी एज्युकेशन’ उभी राहिली. तिचे अध्यक्ष सर केनेथ ब्लूमफिल्ड, म्हणजे इथल्या प्रशासकीय सेवेचे माजी प्रमुख. ही काही कोपऱ्यावरच्या कट्ट्यावरची मंडळी नव्हेत.

पण त्यांचा सगळ्यात जड मुद्दा गरिबांचाच होता, आणि तो या मातीतला होता. डेरी शहरातलं सेंट कोलंब्स कॉलेज घ्या. जॉन ह्यूम तिथे शिकले, शेमस हीनी तिथे शिकले. एकाला १९९८चं शांततेचं नोबेल, दुसऱ्याला १९९५चं साहित्याचं. ह्यूम यांच्या घरी वडिलांना काम नव्हतं, हीनी शेतकऱ्याचा मुलगा. १९४७चा कायदा आणि त्याच्याबरोबर आलेली परीक्षा नसती तर या पिढीची कॅथलिक मुलं फी भरून ग्रामरमध्ये गेली असती का? १९६०च्या दशकाच्या अखेरीस नागरी हक्कांसाठी रस्त्यावर आलेली माणसं मोठ्या प्रमाणात याच शाळांतून शिकून आली होती. ‘आमच्या आजोबांना या परीक्षेने वर काढलं’ हे वाक्य इथे बेलफास्टच्या दोन्ही बाजूंना ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाही.

दुसरा मुद्दा पत्त्याचा. गुण काढून टाकले तरी चांगल्या शाळेत जागा मर्यादितच. मग ठरवणार कशावर? बर्न्स अहवालात शेवटी घरापासूनचं अंतर होतं. विरोधकांनी लगेच विचारलं: मग शाळेजवळ घर घेणाराच जिंकणार ना? गुणांवरची निवड जाऊन घराच्या किमतीवरची निवड येणार. इंग्लंडमध्ये चांगल्या शाळेभोवती घरं महाग होतात हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. सुधारणावाद्यांकडे या प्रश्नाचं पटणारं उत्तर तेव्हा नव्हतं. मला विचाराल तर आजही नाही.

तिसरा मुद्दा साधा होता: जे चालतंय ते मोडताय, त्याच्या जागी काय आणताय ते आधी दाखवा. ‘प्रगतीनोंद’ म्हणजे नक्की काय, कोण लिहिणार, ग्रामरची मुख्याध्यापिका ती वाचून काय करणार? वर्षं गेली, पण याचा नमुना पालकांच्या हातात पडला नाही.

लोकांना विचारलं होतं का?

विचारलं होतं, आणि उत्तर मजेदार आलं. २००२मध्ये घरोघर प्रश्नावली पाठवली. दोन लाखांहून जास्त उत्तरं आली. ५७ टक्के म्हणाले, परीक्षा बंद करा. ६४ टक्के म्हणाले, गुणवत्तेवरची निवड बंद करू नका.

पुष्कळ लोक याला विसंगती म्हणून हसले. मला त्यात विसंगती दिसत नाही. एका तासाच्या पेपरवर लेकराचं भवितव्य ठरू नये, पण शाळा मात्र वेगवेगळ्या असाव्यात, असं वाटणं अगदी सरळ आहे. दोन्ही बाजूंनी मात्र आपापला आकडा उचलला आणि दुसऱ्याकडे काणाडोळा केला. तेव्हाचे शिक्षणमंत्री, आयर्लंडच्या एकीकरणाच्या बाजूच्या सिन फेन पक्षाचे मार्टिन मॅकगिनेस, यांनी ऑक्टोबर २००२मध्ये परीक्षा रद्द होणार असं जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यात विधानसभाच स्थगित झाली. घोषणा मागे राहिली, राबवणारे घरी गेले.

मग निवडीवर बंदी आली की नाही?

कागदावर जवळजवळ आली होती. थोडं सावकाश सांगावं लागेल, कारण पालकांचा गोंधळ इथेच होतो.

विधानसभा बंद असताना लंडनचे मंत्री कारभार बघत होते. त्यांनी बर्न्सनंतर नेमलेल्या कॉस्टेलो गटाचा २००४चा अहवाल स्वीकारला आणि २००६मध्ये आदेश काढला. त्यात गुणांवर निवड करायला मनाई होती. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सेंट अँड्रूजची राजकीय वाटाघाट झाली. युनायटेड किंग्डममध्येच राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्टांच्या डीयूपी पक्षाला सत्तेत आणायचं होतं आणि ग्रामर शाळा हा त्यांच्या मतदारांचा जिव्हाळ्याचा विषय. तोडगा असा निघाला की विधानसभा पुन्हा सुरू झाली तर बंदी आपोआप लागू होणार नाही, ती सभागृहाने ठरवायची. आणि सभागृहात तीस आमदारांनी सह्या केल्या की कुठलाही विषय युनियनिस्ट (बहुतांशी प्रोटेस्टंट) आणि राष्ट्रवादी (बहुतांशी कॅथलिक) अशा दोन्ही समाजांच्या संमतीशिवाय पुढे सरकत नव्हता. म्हणजे बंदी आणता येईना.

मे २००७मध्ये सरकार आलं. शिक्षणमंत्री सिन फेनच्या कॅट्रिओना रुआन. इलेव्हन-प्लस चालवायची की नाही हे त्यांच्या हातात होतं, ती त्यांनी बंद करून टाकली. पण निवडच बंद करायला सभागृहाची मतं लागत होती, ती मिळत नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी मधला मार्ग सुचवला: ग्रामर शाळांनी पहिल्या वर्षी निम्म्या जागा गुणांवर भराव्यात, मग तीस टक्के, मग वीस, मग शून्य. मंत्रिमंडळाने तो घेतला नाही. घेणार कसं, जून ते नोव्हेंबर २००८ या काळात मंत्रिमंडळाची बैठकच झाली नाही. दोन मुख्य पक्ष पोलीस आणि न्याय खात्यावरून अडून बसले होते. त्याच नोव्हेंबरात शेवटची सरकारी इलेव्हन-प्लस झाली.

तेव्हापासूनची स्थिती अशी: निवड कायदेशीर, पण निवडीची सरकारी परीक्षा नाही.

सरकारी परीक्षा नाही, मग निवड कशी होत होती?

शाळांनी स्वतःच परीक्षा काढल्या. एक नव्हे, दोन. २००९च्या शरद ऋतूपासून ब्लूमफिल्ड यांच्या संघटनेची एक्यूई: तीन शनिवारी तीन पेपर, त्यातले चांगले दोन धरायचे. दुसरीकडे प्रामुख्याने कॅथलिक ग्रामर शाळांच्या गटाने जीएल नावाच्या कंपनीची परीक्षा घेतली: दोन पेपर, बहुपर्यायी. दोन्ही प्रकारच्या शाळांची दारं उघडी ठेवायची असतील तर मूल पाच पेपर द्यायचं. ही पद्धत २०२२पर्यंत चालली. मधे कोविडमुळे २०२१च्या प्रवेशाची परीक्षाच झाली नाही, तेव्हा भावंडं कुठे शिकतात, मूल घरातलं थोरलं आहे का, असल्या निकषांवर ग्रामरच्या जागा भरल्या गेल्या.

जुन्या परीक्षेत काय होतं आणि नव्यात काय गेलं, ते एका शनिवारी ग्रामर शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं की कळायचं. जुना पेपर मूल आपल्याच प्राथमिक शाळेत, आपल्याच वर्गात, आपल्या बाईंच्या देखत सोडवायचं. त्यात विज्ञानही असायचं. नवा पेपर परक्या शाळेच्या हॉलमध्ये. नोव्हेंबरची थंडी, पारदर्शक पिशवीत पेन्सिली, गळ्यात मफलर घातलेली पोरं रांगेत, आणि आईबाप बाहेर गाडीत हीटर लावून बसलेले. विषय इंग्रजी आणि गणित एवढेच. प्राथमिक शाळांनी तयारी करून घेऊ नये असा सरकारी दंडक होता, तो तेव्हाचे शिक्षणमंत्री पीटर वीअर यांनी २०१६मध्ये काढून टाकला. तोवर तयारी कोण करून घेत होतं? ज्याला शिकवणीची फी परवडत होती तो.

म्हणजे विरोधक जिंकले असं म्हणायचं का?

ग्रामर शाळा वाचल्या, त्या अर्थाने हो. पण परीक्षेचं म्हणाल तर दोन्ही बाजूंची अवस्था तेलही गेलं, तूपही गेलं अशी झाली. निवड नको म्हणणाऱ्यांना निवडही मिळाली आणि वर शिकवणीचं पीक. निवड हवी म्हणणाऱ्यांना हवी होती ती एक, सरकारी, सर्वांना सारखी, फुकट परीक्षा. तीच गेली.

माझा कल मुळात विरोधकांकडे आहे. पर्याय न दाखवता मोडतोड करू नका, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. पण अकरा हेच वय योग्य, हे ते कधीच पटवून देऊ शकले नाहीत, कारण त्यांनी तो प्रयत्नच केला नाही. ५७ टक्क्यांनी जे सांगितलं ते त्यांनी ऐकलं असतं, तर परीक्षा सुधारून निवड टिकवायचा करार २००२मध्येच होऊ शकला असता. सरकारला ६४ टक्के ऐकू आले नाहीत, यांना ५७. चौदा वर्षं मुलांनी पाच-पाच पेपर दिले.

हे कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडण आहे का?

राजकारण त्या रेषेवर आहे: युनियनिस्ट पक्ष निवडीच्या बाजूने, सिन फेन आणि एसडीएलपी हे राष्ट्रवादी पक्ष विरुद्ध. अलायन्स पक्ष कुठल्याच गटातला नाही, पण तोही निवडीच्या विरोधात. शाळांमध्ये मात्र चित्र तसं नाही. कॅथलिक बिशप वर्षानुवर्षं निवड थांबवा म्हणत आले, आणि अनेक कॅथलिक ग्रामर शाळांनी त्यांचं ऐकून घेऊन परीक्षा चालूच ठेवली. काहींनी सोडली, उदाहरणार्थ कोलरेनच्या लोरेटो कॉलेजने. सिन फेनला मत देणारे आणि मुलाला जीएलला बसवणारे पालक काही कमी नव्हते. पक्ष एकीकडे, पोराचं दप्तर दुसरीकडे. आपल्याकडे मराठी शाळांच्या बाजूने भाषण करून मुलांना कॉन्व्हेंटमध्ये घालणारे काही अनोळखी नाहीत.

अकराऐवजी चौदाला निवड केली तर?

क्रेगॅव्हन भागात हे १९६९पासून चालू आहे. त्याला डिक्सन प्लॅन म्हणतात. मूल अकराव्या वर्षी ज्युनिअर हायस्कूलला जातं, चौदाव्या वर्षी अभ्यास बघून पुढची वाट ठरते. तिथले पालक ही पद्धत मोडू द्यायला तयार नाहीत, तसे प्रयत्न झाले तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. मला विचाराल तर सगळ्या वादातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

इंग्लंडमध्ये उलटा प्रस्ताव आला होता ना?

हो. सप्टेंबर २०१६मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारने नव्या ग्रामर शाळा काढायला परवानगी द्यायचं ठरवलं. त्यांच्याच पक्षातून विरोध झाला. २०१७च्या निवडणुकीत बहुमत गेलं आणि प्रस्ताव त्याबरोबर गेला.

आत्ताची परीक्षा कशी असते?

२०२३च्या नोव्हेंबरपासून दोन्ही गट एकत्र आले आणि सीग नावाची एकच परीक्षा झाली. ही एकी सरकारने घडवली नाही, शाळांनीच घडवली, हे लक्षात घ्या. नोव्हेंबरात दोन शनिवारी दोन पेपर, काही प्रश्न बहुपर्यायी, काहींची उत्तरं स्वतः लिहायची. इंग्रजी आणि गणित. आयरिश माध्यमातल्या मुलांना आयरिशमध्ये पेपर मिळतो. गुण वयानुसार जुळवून देतात, म्हणजे मे-जूनमध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलाचा तोटा होऊ नये. निकाल जानेवारीच्या अखेरीस, शाळा मेमध्ये कळते. नोंदणीला थोडी फी असते, मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांना ती माफ. तारखा दरवर्षी तपासा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

प्रत्येक शाळेचे निकष वेगळे असतात. काही शाळा सरळ गुणांच्या क्रमाने वरून खाली येतात, काही गुणांचे गट करून मग भावंडं, अंतर वगैरे बघतात. परीक्षेइतकाच वेळ ते निकष वाचायला द्या.

शिकवणी लावावी का?

सराव लागतो, शिकवणी लागतेच असं नाही. मराठी घरात मूल इंग्रजी बोलायला पटाईत असलं तरी इंग्रजी म्हणी, विरामचिन्हं, व्याकरणाची नावं इथे अडतात. गणितात आपण पुढे असतो, पण वेळ पुरत नाही. पी-सिक्सच्या उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन पेपर घड्याळ लावून सोडवले तर बहुतेकांचं भागतं. दुसरीपासून क्लासला घालणारे दिसतील, त्यांच्या नादी लागू नका.

ग्रामर नाही मिळाली तर?

घरी सुतक पाळू नका. काही बिगर-ग्रामर शाळा उत्तम आहेत आणि विद्यापीठाची वाट तिथूनही जाते. सोळाव्या वर्षी, जीसीएसई या शालान्त परीक्षेनंतर, ग्रामरच्या सहाव्या फॉर्मला (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना) जागा असतात आणि बाहेरची मुलं घेतली जातात. इथल्या शेजाऱ्यांना हे माहीत असतं, आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कोणी सांगत नाही.

निवड बंद करायचा प्रस्ताव पुन्हा आला तर आपण काय करावं?

येईल, कारण हे घोंगडं भिजतच आहे. सध्याचे शिक्षणमंत्री, डीयूपीचे पॉल गिव्हन, निवडीच्या बाजूचे आहेत, पण मंत्री बदलतात. सरकारने मतं मागवली तर पाठवा. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, आणि आपली मंडळी ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प बसतात तेव्हा आपल्या मुलांची अडचण कागदावर येतच नाही. बाजू कुठलीही घ्या, तीन गोष्टी लेखी विचारा: गुण नसतील तर जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यावर शेवटचा निकष कोणता? पी-सिक्सच्या मध्यात दुसऱ्या देशातून आलेल्या मुलाची प्रगतीनोंद कुठून आणणार? आणि नवी पद्धत तयार नसताना जुनी बंद होणार नाही, याची हमी कोण देणार?

आम्ही पी-सेव्हन सुरू झाल्यावर येणार आहोत. उशीर झाला का?

नोंदणी साधारण सप्टेंबरात संपते, त्यामुळे विमानाचं तिकीट काढायच्या आधी तारीख बघा. ती हुकली तर हव्या त्या शाळेला थेट फोन करा. नंतर आलेल्या मुलांचं काय करायचं हे शाळा आपल्या निकषांत लिहून ठेवतात. भारतातली शेवटच्या दोन वर्षांची गुणपत्रकं इंग्रजीत, शाळेच्या शिक्क्यासह, हातातल्या बॅगेत ठेवा. कंटेनरमधून पाठवलेलं सामान यायला दोन-तीन महिने लागतात.